परसातली चूल

माणसाची ऐपत त्याच्या दिवाणखान्यावरून कळते. त्याच्या आवडीनिवडी समजून घ्यावयाच्या असतील तर त्याची अडगळीची खोली पाहावी. आमच्या अडगळीच्या खोलीत आजमितीस दोन पितळी स्टोव्ह (एक चालू, आणि दुसरा पहिल्याला सुटे भाग पुरविण्यासाठी राखून ठेवलेला), एक इकमिक कुकर, एक लोखंडी शेगडी, बिडाचे दोन तवे, वांगी भाजावयाची जाळी, जर्मनची तीन डेचकी, एक फुंकणी, दोन चिमटे आणि काठाशी टवका गेलेले एक काळे मडके एवढा सरंजाम आहे. यांपैकी एकाही वस्तूवर आमच्या घरचा रोजचा स्वयंपाक होत नाही. तो गॅसवर होतो. आणि त्यात आमचा वाटा किती असतो, हे विचारण्याची तसदी वाचकांनी घेऊ नये. परंतु उघड्यावर अन्न शिजवावयाचे म्हटले, मग ते परसात असो, ओढ्याकाठी असो की गडावर असो, की आमच्या अंगात बल्लव संचरतो. बाह्या सरसावून आम्ही पुढे होतो आणि घरची मंडळी एकमेकांकडे पाहून मागे सरतात.

या संग्रहात गेल्या हिवाळ्यात एका पाहुण्याची भर पडली. आमच्या कन्येने आमच्या सत्तरीनिमित्त एक गोल, झाकणाची, तीन पायांवर उभी राहणारी पोलादी शेगडी धाडून दिली. अमेरिकेत घरामागच्या हिरवळीवर मांस भाजण्याचा जो सुटीच्या दिवशीचा सोहळा असतो, त्यातले हे मुख्य दैवत. हिची जन्मकथा मोठी गमतीची आहे. शिकागोकडच्या एका धातूकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचा गृहस्थ होता. उघड्या शेगडीवर भाजताना वाऱ्याने राख उडावी, पावसाने विस्तव विझावा आणि चरबी ठिबकून जाळ भडकावा, या प्रकाराला तो कंटाळला होता. त्याच्या कारखान्यात समुद्रात खुणेसाठी सोडावयाचे बोये तयार होत. १९५२ साली त्याने असल्या एका बोयाची दोन शकले केली, खालच्या शकलात जाळी बसविली, वरच्याचे झाकण केले, हवेसाठी भोके पाडली आणि शेगडी तयार झाली. झाकण घातले की आत हवा बेताचीच जाते, म्हणून जाळ उठत नाही. आणि उष्णता झाकणावरून परतून पदार्थाला चोहोकडून लागते. भोक उघडावे तसा विस्तव फुलतो, मिटावे तसा मंदावतो.

पहिल्याच दिवशी आम्ही तीत वांगी, कणसे आणि रताळी भाजली. आमच्या सौभाग्यवतींनी रताळ्याचा तुकडा तोंडात टाकला, क्षणभर विचार केला आणि त्या म्हणाल्या, "अहो, ही तर तुमच्या गावची पोपटीच झाली की!"

ज्यांना पोपटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी येथे चार शब्द सांगितले पाहिजेत. आमचे बालपण तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग आणि पेण यांच्या दरम्यानच्या एका खेड्यात गेले. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की त्या बाजूच्या शेताशेतांतून संध्याकाळी पोपट्या लागतात. एक मातीचे मडके घ्यावयाचे. त्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवावयाचा. त्यावर शेंगांचा थर, जाडे मीठ, ओवा. मधून मधून बटाटे आणि रताळी. ज्यांना चालते ते अंडी आणि मसाला लावलेली कोंबडीही घालतात. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबावयाचा. पाण्याचा थेंबसुद्धा घालावयाचा नाही. मग ते मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवून द्यावयाचे. शेंगांतला ओलावाच वाफ होऊन त्यांना शिजवितो, आणि एरव्ही ज्या तणाकडे कोणी ढुंकून पाहात नाही त्या भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगांत उतरताना असा काही सौम्य होतो, की ती चव दुसऱ्या कोणत्याही पाककृतीने साधत नाही. अमेरिकन बोया आणि आमचे मडके यांत फरक एवढाच, की एकाच्या पोटात विस्तव असतो आणि दुसऱ्याच्या पाठीवर.

पोपटीचे आचार्यपद आमच्या घरी अण्णांकडे, म्हणजे आमच्या वडिलांकडे असे. अण्णा शाळामास्तर होते. घरात त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतल्याचे आम्हास आठवत नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्यांचे राज्य संपत असे. परंतु पोपटीच्या दिवशी शाळेतून येताच ते धोतर वर खोचीत, डोक्याला पंचा गुंडाळीत आणि परसात स्वारी दाखल होई. मडके भाजेपर्यंत मंडळींना चहा हवा, म्हणून तीन दगडांची चूल मांडली जाई. आणि ती मांडताना अण्णा आम्हा पोरांना जे धडे देत ते त्यांच्या वर्गातल्या धड्यांपेक्षा आमच्या अधिक ध्यानात राहिले आहेत.

"दगड तीनच," ते म्हणत. "चौथा आला की भांडे डगमगले म्हणून समज." पुढे भूमिती शिकताना या सूत्राची उपपत्ती आम्हास कळली: जमीन कितीही उंचसखल असो, तीन टोके एका प्रतलात येतातच, चौथे येईलच असे नाही. ओढ्यातला ओला दगड घेऊ नये. त्याच्या पोटातल्या पाण्याची वाफ झाली म्हणजे तो तडकतो, आणि कधी कधी फुटून उडतो. चुलीचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे, पण अगदी समोरासमोर नव्हे. लाकूड टोकाशी जळले पाहिजे. ते अंगाशी जळू लागले की धूर सुरू झाला, म्हणून जळेल तसे त्याला पुढे सारीत राहावे. भांडे चढविण्यापूर्वी त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा आणि मातीचा लेप द्यावा, म्हणजे काजळी लेपावर बसते आणि लेपाबरोबर धुतली जाते. हा शेवटचा धडा अण्णा सांगत खरे, पण लेप देत ती आई.

पोपटीच्या दिवशी आईला सुटी असे, अशी आमच्या घरी समजूत होती. ही सुटी ती कशी घालवी हे आम्ही पुष्कळ वर्षांनी हिशेब करून पाहिले. शेंगा निवडून धुवावयाच्या, पाला आणावयाचा, पेंढा काढून द्यावयाचा, आजीला उघड्यावरचे चालत नसे म्हणून तिच्यासाठी आतल्या चुलीवर भात टाकावयाचा, पंधरावीस माणसांची पाने पुसून ठेवावयाची, आणि पाहुणे "मास्तर, पोपटी काय साधली आहे!" असे म्हणत उठले की राखेत पडलेली भांडी गोळा करून विहिरीवर न्यावयाची. अशाच एका रात्री, आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू, आम्ही तिला विचारले, "आई, आपण रोजच परसात चूल का मांडीत नाही? किती मजा येते!" ती भांड्यावर राख चोळीत होती. न थांबता ती म्हणाली, "वर्षातून एक दिवस चूल बाहेर नेली की तिची हौस होते. रोज नेली की तेच काम."

त्या वेळी हे उत्तर आम्हास मोठे अरसिक वाटले.

'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण चूल फुंकणाऱ्या बाईने रचली नसावी, असा आमचा तर्क आहे. जिचे सारे आयुष्य एका चुलीसमोर गेले तिला त्या चुलीच्या लहरी इतक्या ठाऊक असतात, की दुसरीची चूलही अशीच असेल हे तिला खरे वाटावयाचे नाही. आमच्या आईची चूल जोड-वैलाची होती. पुढच्या तोंडावर भात, वैलावर आमटी, आणि बाजूला ओढलेल्या निखाऱ्यांवर दूध. खोलीला एक झरोका. वासे डांबर फासल्यासारखे काळे. आणि पावसाळ्याचे चार महिने ओले जळण. त्या चार महिन्यांत फुंकणीचा आवाज आम्ही अंथरुणातूनच ऐकत असू. एक लांब फुंकर, मग खोकला, मग पुन्हा फुंकर. हा आवाज आम्हास इतका परिचयाचा होता की त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे कधी मनातही आले नाही.

१९६४ साली अण्णांनी मुंबईहून पितळी स्टोव्ह आणला. आमच्या संग्रहातला चालू स्टोव्ह तो हाच. आणि सगळ्या सरंजामात आमचे सर्वांत अधिक प्रेम कोणावर असेल तर याच्यावर. त्याची जात मूळची स्वीडनची. स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली बिनकाजळीचा रॉकेलचा स्टोव्ह सिद्ध केला, आणि 'प्रायमस' या नावाने तो पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र गेला. त्याची करामत अशी, की त्यात रॉकेल जळत नाही. रॉकेलची वाफ जळते. आधी वरचे डोके तापवावयाचे. मग पंप मारून टाकीत हवा कोंडावयाची. त्या दाबाने तेल नळीतून वर चढते, तापलेल्या डोक्यात त्याची वाफ होते, ती सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून जोराने बाहेर पडते, जाताना हवा ओढून घेते आणि निळ्या ज्योतीने जळते. वात नाही, काजळी नाही, आणि धूर तर नाहीच नाही. नान्सेन हा नॉर्वेजियन संशोधक १८९५ साली आपल्या एका सोबत्यासह गोठलेल्या समुद्रावरून उत्तर ध्रुवाच्या रोखाने निघाला तेव्हा त्याच्या घसरगाडीवर हाच स्टोव्ह होता. त्यावरचे भांडेही त्याने मोठ्या युक्तीने योजले होते: मध्ये अन्नाचे पातेले, त्याच्याभोवती कंकणाकृती दुसरे, वर तिसरे, आणि या दोन्हींत वितळण्यासाठी बर्फ भरलेले. म्हणजे पातेल्याच्या कडेने निसटणारी ऊब वाया न जाता पिण्याचे पाणी तयार व्हावयाचे. उघड्यावरच्या स्वयंपाकाला अनुलक्षून माणसाने जे जे शोधले त्यात याच्याइतके शहाणपणाचे काही नसेल. आपल्या गिर्यारोहकांच्या पाठपिशवीत आज जे गॅसचे तळहाताएवढे स्टोव्ह असतात ते अधिक हलके आणि अधिक आज्ञाधारक आहेत, हे आम्ही कबूल करतो. पण आज्ञाधारक माणसांवर जसा फारसा जीव जडत नाही तसेच या स्टोव्हांचे आहे.

आमच्या पितळी स्टोव्हला पेटविणे हा एक विधी आहे. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून त्याच्या गळ्याला अडकवावयाचा आणि पेटवावयाचा. तो विझण्याच्या बेतात आला की चावी आवळून पंप. घाई केली तर तेल वाफ न होताच वर येते आणि पिवळा जाळ हातभर उठतो. उशीर केला तर सारे पुन्हा पहिल्यापासून. मध्येच ज्योत एका अंगाला लंगडू लागली की पिन मारावी. सर्व काही साधले म्हणजे तो जो घोष सुरू करतो त्यात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. आईला हा घोष आवडे. एकदा आम्ही कारण विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, "हा चालू असला की कोणाची हाक ऐकू येत नाही रे." परंतु रॉकेल शिधापत्रिकेवर मिळे आणि ते कंदिलालाही लागे. म्हणून पाहुण्यांचा चहा आणि आजारी माणसाची पेज एवढ्यापुरताच स्टोव्ह. दोन वेळचा स्वयंपाक पूर्ववत चुलीवरच.

याच स्टोव्हची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एक काळ असा होता की 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही ओळ वर्तमानपत्रात रोज कोठे तरी असे. वॉशर झिजलेला, चावी सैल, पदर नायलॉनचा. भडके खरोखरच उडत. पण सगळेच भडके स्टोव्हचे नव्हते, आणि १९८६ साली हुंडाबळीचे वेगळे कलम दंडसंहितेत घालण्यात आले तेव्हा कायद्यानेही ते मान्य केले. पितळ चिंचेने घासून लखलखीत केले की आम्हास त्यात आमचे तोंड दिसते. कधी कधी ही ओळही दिसते.

१९७४ सालच्या आश्विनात आम्ही चार मित्र राजगडावर गेलो. ती आमच्या स्वतंत्र पाकसिद्धीची पहिली स्वारी. अण्णांची विनवणी करून स्टोव्ह मिळविला होता. आईने पितळी पातेले, कणीक, डाळ-तांदूळ बांधून दिले होते. गुंजवण्याच्या बाजूने चढताना रॉकेलच्या बाटलीचे बूच ढिले झाले आणि पद्मावती माचीवर पोहोचून पाहतो तो कणकेला रॉकेलचा घमघमाट. ती फेकून दिली. स्टोव्ह पेटविला तो दोन मिनिटे निळा जळला आणि गप्प झाला. छिद्रात कचरा अडकला होता आणि पिना घरी राहिल्या होत्या. तेव्हा अण्णांची विद्या स्मरून तीन दगड मांडले. जळण ओले. एकाने झाडाची हिरवी फांदी मोडून आणली, आणि ती आम्ही घातली. याची आज आम्हास लाज वाटते. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने एक फांदी मोडली तर गडाला सावली उरणार नाही. म्हणून आज कोणी तरुण आम्हास सल्ला विचारील तर आम्ही म्हणू की वर स्टोव्ह न्यावा, तीन दगड परसासाठी ठेवावेत.

धूर असा झाला की चौघे जण आळीपाळीने बाहेर जाऊन डोळे धूत होतो. डाळ तर शिजेचना. हा दोष आम्ही दुकानदाराच्या माथी मारला. वस्तुतः समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटर वर पाणी ९६-९७ अंशांनाच उकळू लागते, आणि मग खाली कितीही जाळ घाला, पाण्याची उष्णता त्यापुढे जात नाही. तिथे डाळ आधी भिजत घालावी, किंवा मुकाट्याने पिठले करावे. दुसऱ्या दिवशी याहून मोठा पराक्रम घडला. रिकामे पातेले जाळावर ठेवून आम्ही बालेकिल्ल्याच्या गप्पांत रंगलो. कथील २३२ अंशांना वितळते. परत येऊन पाहिले तो आतली कल्हई पाघळून तिचे मणी झालेले आणि पितळ उघडे पडलेले. त्यातच आम्ही ताकाची कढी केली. ती कळकली. हिरवट रंगाची ती कढी चौघांपैकी दोघांनी तोंडात घेतली. त्या दोघांत आम्ही होतो हे सांगणे नको.

घरी परतलो तेव्हा आई अंगणातच होती. तिने काळे पातेले हातात घेतले, आत बोट फिरवून कल्हई पाहिली, मग आमच्या तोंडाकडे पाहिले. डोळे लाल, नाक वाहते, आणि खोकला. अण्णांचा शब्द ऐकावयास आम्ही तयार होतो. पण आईने विचारले ते निराळेच.

"किती वेळ होतास धुरात?"

"दोन दिवस," आम्ही प्रौढीने म्हणालो.

"दोन दिवस!" ती म्हणाली आणि हसू लागली. ते हसणे लांबले, आणि त्याचा खोकला झाला. मग ती पातेले घेऊन विहिरीवर गेली.

इकमिक कुकर आमच्याकडे वारशाने आला. गिरगावात एका खोलीत राहणारे आमचे अविवाहित काका त्याचे मूळ मालक. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली हे यंत्र काढले. बाहेर एक उंच नळकांडे, तळाशी कोळशाचा लहानसा डबा, वर पाणी, आणि त्यात एकावर एक रचलेले डबे: वरण, भात, भाजी. कोळसे पेटवून झाकण लावावे आणि खुशाल निघून जावे. वाफेवर शिजते म्हणून काही करपत नाही, आणि शिजेपर्यंत कोळसेही आपोआप विझतात. काका हा कुकर आगगाडीतून आणीत आणि आमच्या परसात मांडून त्याचे प्रात्यक्षिक करीत. आई पदराने हात पुशीत उभी राही. एकदा तिने विचारले, "भावजी, हे लावून माणसाला बाहेर जाता येते?"

"दोन तास देवळात जाऊन या वहिनी," काका म्हणाले. "आल्यावर वाढून घ्या."

आई गेली नाही. जिन्नस शिजत असता त्यापासून दूर जाणे ही कल्पनाच तिला झेपण्यासारखी नव्हती. शिवाय घरात आम्ही नऊ माणसे आणि कुकर चौघांचा. पण त्या दोन तासांत ती तीनदा परसात येऊन त्या बंद नळकांड्याकडे पाहून गेली.

आमच्या घरी गॅस १९७९ साली आला. त्या वेळी आई त्रेचाळीस वर्षांची होती. चूल लिंपली गेली, तिच्यावर फळी टाकून पिंप ठेवले गेले, आणि चुलीची गोष्ट संपली असे सर्वांना वाटले. पुढे आम्ही पुण्यास घर केले. अण्णा गेल्यावर आई आमच्याकडे आली. २००६ सालच्या हिवाळ्यात तिला दम लागू लागला. न्हाणीपर्यंत जाऊन येणेही होईना. आम्ही तिला छातीच्या डॉक्टरांकडे नेले. तिने एका नळीत जोराने फुंकले, यंत्राने कागदावर एक वाकडी रेघ काढली, आणि ती पाहून डॉक्टरांनी विचारले, "आजी, विडी-तंबाखू?"

आई चांगलीच खवळली. "आमच्या घरात सुपारीचे खांड कोणी खात नाही!"

डॉक्टर तरुण होते, पण समंजस. त्यांनी क्षमा मागितली आणि हळूच विचारले, "चूल किती वर्षे होती?"

आईने बोटे मोजली. दहाव्या वर्षी आईच्या आजारपणात पहिल्यांदा चुलीपुढे बसली, तेव्हापासून गॅस येईपर्यंत. "तेहतीस."

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. पुष्कळ वर्षे विड्या ओढणाऱ्याच्या फुप्फुसांची जी गत होते तीच सतत चुलीच्या धुरात बसणाऱ्या बाईचीही होते. धूर थांबला तरी झालेली झीज भरून येत नाही. यापुढे धूळ, उदबत्ती, धूर यांपासून त्यांना जपा, असे त्यांनी आम्हास बाजूला घेऊन सांगितले. आम्ही ऐकत होतो, आणि आमच्या कानांत पावसाळ्यातल्या सकाळची ती फुंकर चालू होती. एक लांब फुंकर, मग खोकला, मग पुन्हा फुंकर.

त्यानंतर आम्ही दोन वर्षे परसात काडी ओढली नाही. कोणी मित्र हुरड्याला बोलावी; आगटी, गोवऱ्यांचा विस्तव, तळहातावर चोळलेला गरम हुरडा आणि लसणाची चटणी यांचे वर्णन करी; आम्ही काही तरी सबब सांगत असू. खानदेशातून आलेल्या एका स्नेह्याने पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत करण्याची तयारी दाखविली, ती आम्ही मोडून काढली. हे सारे आईच्या लक्षात आले असले पाहिजे. कारण एके दिवशी तीच म्हणाली, "तुझा विस्तव बंद झाला वाटते? मला बाहेर बसव. मी लांब बसेन."

तेव्हा आम्ही सराई कुकर आणला. पुण्यातल्या 'आरती' या संस्थेने तो तयार केला. डॉ. आनंद कर्वे तिचे संस्थापक. शेतात पेटवून दिले जाणारे उसाचे पाचट कोळशात रूपांतरित करून त्याच्या कांड्या करण्याच्या उद्योगाबद्दल या संस्थेला २००२ साली लंडनमध्ये ॲश्डेन पारितोषिक मिळाले. सराई म्हणजे इकमिकचेच सुटसुटीत नातवंड. तळाशी शेगडी, तीत सुमारे शंभर ग्रॅम कोळसा, वर वाफेचे भांडे. एवढ्यात चार-पाच माणसांचा वरण-भात होतो. कोळसा एकदा फुलला की डोळ्याला दिसेल असा धूर नाही. अर्थात त्याचा वायू प्राणघातकच; शेगडी बंद खोलीत किंवा तंबूत घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, हे कधीही विसरू नये. पण उघड्या परसात, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, तो निर्धोक.

२०१२ सालच्या जानेवारीत एका रविवारी आम्ही आईची खुर्ची आंब्याखाली ठेविली, अंगावर शाल दिली, आणि वाऱ्याचा रोख पाहून पंधरा पावले दूर कुकर मांडला. कोळसा आम्ही कुंपणापलीकडे फुलवून आणला. आयुष्यात प्रथमच कोणी तरी विस्तवावर तिच्यासाठी शिजवीत होते आणि ती बसून होती. तिला ते फारसे जमत नव्हते. "पाणी बेताने घातलेस का?" "डाळीत हिंग?" "झाकण सारखे काढू नकोस." मधून मधून ती उठावयास पाही आणि आमच्या सौभाग्यवती तिला बसवीत. पाऊण तासाने आम्ही ताट वाढले. मऊ भात, वरण, तूप, लिंबाची फोड. तिने दोन घास खाल्ले.

"छान शिजलाय," ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, "पण वास नाही."

"कसला वास?"

"चुलीचा." आणि मग एखाद्या लहान मुलाने मागावे तशी ती म्हणाली, "एक निखारा काढ ना. वाटीत ठेवून वरणात सोड, वर तुपाचा थेंब टाक, आणि झाकण घाल. एवढासा तर धूर होईल."

चिमटा आमच्या हातात होता. कुकरच्या तळाशी दोन-तीन निखारे अजून लाल होते. आम्हास डॉक्टर आठवले, ती वाकडी रेघ आठवली. "नको, आई," आम्ही म्हणालो. "डॉक्टर काय म्हणाले ठाऊक आहे ना?"

"बरं," ती म्हणाली, आणि भात कालवू लागली.

पुढच्या वर्षी थंडी येण्यापूर्वीच ती गेली. परसात तिच्यासाठी केलेले तेवढे एकच जेवण. त्या दिवशी ताटे उचलल्यावर आम्ही निखाऱ्यांवर पाणी शिंपडले, आणि आईने खुर्चीतूनच सांगितले म्हणून राख कढीलिंबाच्या मुळाशी टाकली.